मुन्शीजींची न कळणारी गाणी

औरंगाबादच्या जिल्हा कोर्टात मी टंकलेखक म्हणून लागले तेव्हा माझं टेबल भाषांतरकाराच्या टेबलाला लागून होतं. भाषांतरकार म्हणजे मुरलीधरराव काळवणे. निजामाच्या काळातले जमिनीचे उर्दू-फारसी कागद मराठीत आणून द्यायचे, हे त्यांचं काम. वकिलांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. माघारी त्यांना दुसरं नाव होतं, ‘म्हणजेकाका’.

कुणी काहीही बोललं की त्यांचा पहिला शब्द ‘म्हणजे?’ असायचा. शिपाई म्हणाला, साहेब जरा वेळानं येतील, की हे विचारणार, “जरा म्हणजे?” मी म्हटलं, कागद जवळजवळ टाइप झालाय, की “जवळजवळ म्हणजे? झाला का राहिला?” यात खवचटपणा अजिबात नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं असायचं. चष्मा कपाळावर चढवून ते असे बघत की आपण काय बोललो ते आपल्यालाच तपासून बघावंसं वाटे. वकिलांच्या बाररूममधली मंडळी त्यांची नक्कल करत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

उंच, वाळकी अंगकाठी. भर उन्हाळ्यातही गळ्याशी बटण लावलेला सदरा. उर्दू लिहायला बसले की टाक कागदावर पाण्यासारखा वाहायचा. देवनागरी मात्र ते एकेक अक्षर चितारल्यासारखं काढत. ‘ध’ आणि ‘घ’ लिहिताना तर क्षणभर थांबतच. इतकी वर्षं मराठी लिहिणारा माणूस असा का थांबतो, हे मला पुष्कळ दिवस समजलं नाही.

एकदा कन्नड तालुक्यातल्या एका शेताच्या वाटणीचा कागद त्यांच्याकडं आला. त्यात ‘एक चाह’ असे शब्द होते. मी टाइपरायटरवर बोटं ठेवून वाट बघत होते. मुन्शीजी म्हणाले, “बाई, इथं थांबा. उर्दूत चाह म्हणजे इच्छा. फारसीत चाह म्हणजे विहीर. लिहिण्यात दोन्ही सारखंच.”

“मग विहीरच असणार ना. जमिनीचा कागद आहे.”

“असणार म्हणजे?”

तो कागद तसाच राहिला. रविवारी मुन्शीजी एसटीनं कन्नडला गेले, तिथून जीपनं त्या गावाला, आणि शेतावर जाऊन विहीर बघून आले. सोमवारी सदऱ्याच्या बाह्या उन्हानं रापलेल्या हातांवर खाली ओढत म्हणाले, “आहे विहीर. जुन्या बांधणीची आहे. पोरं पोहत होती. लिहा.” त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसत होती की मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. एका शब्दापायी हा माणूस तीन दिवस नीट जेवला नसणार.

त्या दिवशी चहा पिताना मी विचारलं, एवढं मनाला का लावून घेता. मुन्शीजी बशीतला चहा फुंकत बसले. मग त्यांनी सांगितलं. ते कन्नडला उर्दू शाळेत शिकत होते. घरी मराठी, शाळेत उर्दू, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोरगा हुशार होता. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, लोकांनी गावात साखर वाटली. यांच्या वडिलांनीही वाटली. पुढं शाळा मराठी झाली. नवीन मास्तरांनी यांच्या हातात मराठी पुस्तक दिलं आणि म्हणाले, वाच.

“मराठी आईची भाषा, पण मला अक्षर येत नव्हतं. सगळं बोलायला येतं आणि वाचायला काही नाही. मास्तर चांगले होते, मारलं नाही. फक्त लहान पोरांत नेऊन बसवलं. पायात पाय घालून बसलेलं सहा वर्षांचं पोरगं मला म्हणालं, तुला एवढंबी येत नाय?” मुन्शीजींनी बशी खाली ठेवली. “तवापासून, बाई, एखादी गोष्ट कळली नाही की माझ्या पोटात गोळा येतो.”

ऑफिसात शुद्ध बोलणाऱ्या मुन्शीजींच्या तोंडून ‘तवापासून’ आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी तेव्हा लासूर स्टेशनहून पॅसेंजरनं रोज ये-जा करत होते. पावसाळ्यात गाडी फार उशीर करायची. मुन्शीजींनीच एक दिवस सांगितलं, औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराच्या माडीवर खोली रिकामी आहे, येऊन राहा. ऑफिसात मला ‘बाई’ म्हणणारे मुन्शीजी घरात पाऊल ठेवल्यापासून ‘पोरी’ म्हणायला लागले. आणि मला गयाकाकू भेटल्या.

गयाकाकू मुन्शीजींच्या बरोब्बर उलट. अखंड बोलायच्या. नळावर उभ्या राहिल्या की पाणी येऊन जायचं आणि यांचं बोलणं चालूच. खेड्यातली सगळी बोली त्यांनी शहरात जशीच्या तशी आणली होती. “लई दिवसानं आलीस गं” असं मला दोनच दिवसांनी म्हणायच्या. मुन्शीजींनी “लई म्हणजे?” विचारलं की त्या म्हणत, “लई म्हंजी लई. आता काय मोजून देऊ?” आणि मुन्शीजी गप्प बसत. सगळ्या जगाला अर्थ विचारणारा हा माणूस त्या एका ठिकाणी हार मानायचा, आणि मला वाटतं त्यांना ती हार आवडायची.

एका संक्रांतीनंतर, सकाळी ज्वारी पाखडता पाखडता काकू उजव्या अंगावर कलल्या. अर्धांगवायू होता. दवाखान्यातून जीव वाचवून आणलं, पाय हळूहळू उचलू लागला. बोलणं मात्र गेलं. अगदी गेलं असंही नाही. शब्द होते, पण भलतेच यायचे. पाणी हवं असलं की त्या “कंदील” म्हणत. मला “पोरी”ऐवजी “पायरी” म्हणत. आणि कधी नुसतेच आवाज, कुठल्याच भाषेतले नव्हेत असे. आपण बरोबर बोललो असं त्यांना वाटायचं. समोरच्याचा चेहरा बघून मग कळायचं की नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऐकू येतंय, समजतंय, पण शब्द हाताशी येत नाहीत. येतील किंवा येणार नाहीत. तुम्ही जबरदस्ती करू नका.

मुन्शीजींनी जबरदस्ती केली नाही. त्यांनी फक्त विचारलं. काकूंच्या समोर बसून, चष्मा वर करून, फार मायेनं विचारलं, “कंदील म्हणजे? तुला दिवा पायजे? का तहान लागली? कंदील म्हणजे काय, गया?” सकाळी, दुपारी, कोर्टातून आल्यावर. आयुष्यभर त्यांना हेच येत होतं. समोरचा कागद लागत नसेल तर तो लागेपर्यंत विचारत राहायचं. काकू पुन्हा म्हणत, तोच शब्द. एकदा त्यांनी डाव्या हातानं ताट भिरकावलं. वरण मुन्शीजींच्या सदऱ्यावर, भिंतीवर. मग काकू रडल्या, आणि मुन्शीजी फडक्यानं भिंत पुसत हळूच म्हणाले, “म्हणजे हे नको का वरण?”

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. त्यांच्या पोटात केवढा गोळा आला असेल, हे मला नंतर सुचलं.

काकू पूर्वी जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. शेजारणींनी आग्रह केला, म्हणा, गाण्यातून शब्द येतात. काकूंनी एक ओवी सुरू केली. चाल बरोबर आली, दुसऱ्या शब्दाला अडली. पुढचा शब्द कोणता ते त्यांना माहीत होतं. तो येत नव्हता. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि नंतर कितीतरी दिवस कुठलंच गाणं घरात लावू दिलं नाही. रेडिओ लागला की मान वळवायच्या.

आमच्या गल्लीत हनीफ राहायचा. त्याची ॲम्बॅसेडर होती, वेरूळची लेणी बघायला आलेल्या परदेशी लोकांना तो फिरवायचा. काकूंना दवाखान्यात न्यायला-आणायला तोच यायचा. एका दुपारी तपासणी करून आम्ही परत निघालो. मी आणि काकू मागं, मुन्शीजी पुढं. हनीफनं गाडी सुरू केली आणि टेप आपोआप चालू झाला. टाळ्यांचा आवाज, एक गिटार, आणि एका बाईचा जाडाभरडा, तापलेला आवाज. आजारी माणूस गाडीत आहे म्हणून हनीफनं पटकन बंद करायला हात पुढं केला. मागून काकूंनी डावा हात वर केला. राहू दे.

“काय म्हणते आहे ही?” मुन्शीजींनी विचारलं.

“मालूम नै, काका. इस्पेनवाले पॅसेंजर होते, जाताना कॅसेट देऊन गेले.”

“म्हणजे तुलाही कळत नाही?”

“नै. अच्छा लगता, बस.”

काकू खिडकीला टेकून ऐकत होत्या. त्यांचा डावा हात मांडीवर ताल धरत होता. गाडी क्रांती चौकातून आमच्या गल्लीशी आली. हनीफ वळायला लागला तेव्हा मुन्शीजी समोरच बघत म्हणाले, “हनीफ, जरा पुढं घे.”

किती पुढं, ते बोलले नाहीत. आम्ही दौलताबादच्या रस्त्याला लागलो. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत गाडी चालली.

दुसऱ्या दिवशी माझा टेपरेकॉर्डर मी खाली आणून ठेवला आणि हनीफनं ती कॅसेट देऊन टाकली. संध्याकाळी मुन्शीजी कोर्टातून आले, हातपाय धुतले, की दोघं टेपसमोर बसायची. पुढं हनीफ स्पेनकडचे प्रवासी मिळाले की गाण्याची कॅसेट मागायचा. कुणी देत, कुणी नाही. अशा हळूहळू बऱ्याच जमल्या. वेष्टनावरची इंग्रजी लिपी मुन्शीजींना वाचता यायची, पण नावांचा उच्चार काय करायचा ते कळेना. ‘जे’ला काय म्हणतात यावर त्यांचं आणि हनीफचं एकमत होईना. तेव्हा गायकांना घरचीच नावं पडली.

पहिलं नाव काकूंनी दिलं, तेही न बोलता. त्या जाड आवाजाच्या बाईच्या गाण्यात टाळ्या असायच्या. काकूंनी डावा हात उजव्या लुळ्या हातावर तसाच थापटून दाखवला, भाकरी थापतात तसा, आणि आमच्याकडं बघितलं. ती बाई ‘भाकरवाली’ झाली. एक जण लांबून कुणाला तरी हाक मारल्यासारखा गायचा. कोर्टात शिपाई पक्षकारांचा पुकारा करतो तसा. त्याला मुन्शीजींनी ‘पुकारेवाला’ म्हटलं. आणि एक होता तो दर कडव्याच्या शेवटी नाक ओढल्यासारखा सूर लावायचा. तो ‘सर्दीवाला’. सर्दीवाला सगळ्यात दुःखी होता आणि काकूंना तो बिलकुल आवडत नसे.

पहिले काही दिवस मुन्शीजींची घालमेल मला दिसत होती. हात सारखा चष्म्याकडं जायचा. कुणीतरी सांगितलं की कॉलेजच्या ग्रंथालयात स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश आहे. मुन्शीजी एका शनिवारी तिकडं गेले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस एकेक गाणं मराठीत आणून ठेवणार आणि मला टाइप करायला लावणार. ते रिकाम्या हातानं परत आले.

“नव्हता का?”

“होता. हातात घेतला होता.” जिन्याच्या पायरीवर बसून ते चपला काढत होते. “पोरी, ही गाणी तिला कळत नाहीत आणि मलाही कळत नाहीत. सबंध दिवसात तेवढाच वेळ आम्ही दोघं एका बाकावर बसतो. मी डिक्शनरी आणली तर ती परत एकटी पडेल.”

 

तरी त्यांच्यातला भाषांतरकार मेला नव्हता. एकदा भाकरवाली गात असताना ते एकदम ताठ झाले. “कामिसा म्हणाली. ऐकलंत? कामिसा. म्हणजे कमीज. उर्दूतला कमीज आणि हा, एकाच घरातले शब्द असणार.” मग चेहरा पडला. चोरी पकडली गेल्यासारखे ते काकूंकडं बघून म्हणाले, “चुकून कळलं गं. मुद्दाम नाही.” काकूंनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्या हसायला लागल्या. आजारानंतर पहिल्यांदाच. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, पण हसणं जुनंच होतं.

हळूहळू काकू गाण्याबरोबर गायला लागल्या. शब्द नव्हेत, नुसते आवाज. ‘आयाया’, ‘मिरारे’, असं काहीही. त्यात चूक होण्यासारखं काहीच नव्हतं. पुढचा शब्द काय, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. मुन्शीजीही जोडीला गायचे, आणि त्यांचा आवाज इतका भसाडा होता की गल्लीतली कुत्री उठून जायची. कोर्टातल्या कुणी ते ऐकलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. मराठीत एक काना चुकला तर पान परत टाइप करायला लावणारा माणूस डोळे मिटून तोंडाला येईल ते गात होता.

पुढच्या वर्षीच्या चैत्रातली संध्याकाळ होती. मी माडीवरून खाली आले होते. पुकारेवाला लागला होता आणि शेजारच्या गिरणीचा आवाज वाढला होता. काकू टेपकडं झुकल्या आणि म्हणाल्या, “आवाज वाढवा की.”

त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी मुन्शीजींकडं बघितलं. मुन्शीजी काही म्हणाले नाहीत. “काय म्हणालीस?” नाही, “परत म्हण” नाही. ते उठले, बटण फिरवून आवाज वाढवला, काकूंच्या पाठीमागची उशी सारखी केली आणि स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं मी पाणी आणायला गेले तर ते माठाशी उभे होते. हातात तांब्या होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. बाहेर तो स्पेनचा माणूस कुणाला तरी हाका मारत होता आणि काकू त्याला ओ देत होत्या.

त्यानंतर शब्द येत गेले. एखादा आला, चार दिवस गेला, परत आला. ‘पाणी’ आलं, ‘पोरी’ आलं. ‘लई’ आलं त्या दिवशी मुन्शीजींनी कोर्टात पेढे वाटले आणि कारण विचारणाऱ्यांना काही सांगितलं नाही.

दोन-तीन वर्षांनी हनीफ एका प्रवासी बाईंना घरी घेऊन आला. स्पेनमधल्या कुठल्याशा शाळेत त्या शिकवत होत्या. यांच्याकडं आपली गाणी ऐकतात हे ऐकून त्यांनीच येण्याचा हट्ट धरला होता. काकूंनी चहा केला. भाकरवाली लावली तशा त्या बाई खूश होऊन टाळ्या वाजवायला लागल्या, आणि त्यांच्या टाळ्या टेपमधल्या टाळ्यांना अचूक जुळत होत्या.

हनीफ म्हणाला, “काका, आता पूछ के लेव. ये सांगतील ती बाई काय बोलती.”

सगळे मुन्शीजींकडं बघायला लागले. मला स्वतःला इतक्या वर्षांची उत्सुकता होती. मुन्शीजींनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, “थांब. आधी मी सांगतो. ही बाई म्हणते आहे, पाहुणे येणार म्हणून सगळं घर सारवलं, आणि पाहुणे आलेच नाहीत. आता ती रागावली आहे, पण दार उघडंच ठेवलंय.”

हनीफनं ते आपल्या प्रवासी-इंग्रजीत सांगितलं. त्या बाईंनी ऐकलं, टेपकडं बघितलं, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. मुन्शीजींनी हात वर केला.

“बरोबर का चूक, ते सांगू नका. मेहरबानी होईल.”

“नो टेल, मॅडम,” हनीफ म्हणाला.

बाईंनी ओठ मिटले, मग मोठ्यांदा हसल्या आणि आणखी चहा मागितला. खात्री न करता केलेलं मुन्शीजींचं तेवढं एकच भाषांतर मला माहीत आहे.

काकू शब्द शोधत, अडखळत म्हणाल्या, “चुकलंच असंल. ह्यांना गाण्यातलं... काय कळतंय.”

पुढं माझी जालन्याला बदली झाली. मुन्शीजी निवृत्त झाले. येणं-जाणं कमी होत गेलं. एका वर्षी कामासाठी औरंगाबादला आले होते, निघण्यापूर्वी भाजी घ्यावी म्हणून औरंगपुऱ्याच्या मंडईत शिरले. गर्दीत मला काकूंचा आवाज आला.

त्या एका भाजीवाल्यासमोर उभ्या होत्या, डाव्या हातात मेथीची जुडी. मागं दोन पावलांवर मुन्शीजी, पाठीत वाकलेले, हातात पिशवी.

“ही मेथी व्हय? मुळांना बघ किती माती. अन् ही पानं... ही पानं...” काकू थांबल्या. हात हवेत तसाच राहिला. भाजीवाला शब्द पुरवायला पुढं झाला, तोच मुन्शीजींनी मागून त्याला खूण केली. थांब. मंडईतला कालवा चालू होता. काकू वर बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “जून. जून पानं हायेत समदी. सकाळपासून पाणी मारून मारून ताजी दिसाया लागली व्हय? मी काय आज भाजी घेती का? माझ्या बापाच्या मळ्यात...”

आणि मग त्या सुटल्या. बापाचा मळा आला, तिथली विहीर आली, थोरली बहीण आली, मेथी कशी खुडायची ते आलं. भाजीवाला मान खाली घालून ऐकत होता. मागची गिऱ्हाइकं चुळबुळ करत होती.

माझी बसची वेळ झाली होती. हाक मारावी असं वाटलं, पण मी मारली नाही. मुन्शीजींनी पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये ठेवली होती आणि ते नुसते ऐकत उभे होते. काकूंचं अजून संपलं नव्हतं, आणि मुन्शीजींना कसलीच घाई दिसत नव्हती.